संकेतस्थळाच्या तक्रारीचा पंचनामा

बालाघाट-सिवनी मार्गावरील लालबर्रा हे मध्यप्रदेशाच्या बालाघाट जिल्ह्यातील तहसिलीचे ठिकाण. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा मुलूख धानाचा. जिल्ह्याच्या चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकनही लाभले. धान निसवू लागले की येथील शेतकऱ्याला बांधाबरोबरच संगणकाकडेही लक्ष द्यावे लागते. आधारभूत किमतीने धान विकावयाचे तर राज्याच्या ई-उपार्जन यंत्रणेत नाव नोंदवावे लागते. पुढे खरेदी केंद्र आणि विक्रीचा दिवसही संगणकावरच निश्चित करावा लागतो. खसऱ्याची नक्कल, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, समग्र ओळखक्रमांकातील दुरुस्ती ही कामेही आता याच वाटेने होतात.

कोणत्याही संकेतस्थळावर केव्हातरी असा प्रसंग येतो की, माहिती भरून झाली, शेवटची कळ दाबली आणि पडद्यावर केवळ एक चक्र फिरत राहिले. केंद्रचालक काही वेळ वाट पाहतो व ‘साईट चालत नाही, उद्या या’ असे सांगतो. तक्रार नोंदविली तर ती यथावकाश राजधानीतील तांत्रिक कक्षाकडे पोहोचते. तेथील तंत्रज्ञ आपल्या संगणकावर तेच पान उघडून पाहतो. ते सुरळीत उघडते. ‘येथे अडचण आढळली नाही’ असा शेरा पडतो आणि प्रकरण निकाली निघते. यात केंद्रचालक खोटे बोललेला नसतो आणि तंत्रज्ञही खोटे लिहीत नाही. दोघांच्या मध्ये पुरावा नसतो, एवढेच.

गारपिटीने पीक गेले तर पटवारी शेतावर येऊन पंचनामा करतो. संगणकीय व्यवहार अडला असता त्याचाही पंचनामा करता येतो. एवढेच नव्हे तर त्या पंचनाम्याच्या आधारे तोच प्रसंग दूरच्या प्रयोगशाळेत हवा तितक्या वेळा पुन्हा घडवून पाहता येतो. संगणक क्षेत्रात ही पद्धत रूढ आहे. तिचे स्वरूप समजून घेणे शासकीय कार्यालये, शाळा आणि ग्रामपंचायती यांना उपयोगाचे ठरेल.

आवक-जावक नोंदवही

संकेतस्थळ पाहणे म्हणजे छापील पान वाचणे, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः ते दोन यंत्रांमधील संभाषण होय. केंद्रातील संगणकावरील ब्राउझर मागणी पाठवितो आणि दूर ठेवलेला सर्व्हर तिला उत्तर देतो. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हानजीकच्या सर्न या संशोधन संस्थेत १९८९ ते १९९१ या काळात या संभाषणाचे नियम घालून दिले. त्या नियमांनुसार प्रत्येक उत्तराच्या माथ्यावर तीन आकडी शेरा असतो. २०० म्हणजे मागणी पूर्ण झाली. ४०१ म्हणजे मागणाऱ्याची ओळख पटली नाही. ४०४ म्हणजे मागितलेली वस्तू त्या पत्त्यावर नाही. ५०० म्हणजे सर्व्हरच्या आतच बिघाड झाला, आणि ५०४ म्हणजे मध्यस्थ सर्व्हरला मागच्या सर्व्हरकडून वेळेत उत्तर आले नाही. ‘साईट चालत नाही’ या तीन शब्दांत हे सर्व शेरे लोप पावतात. आणि दुरुस्ती करणाऱ्याला नेमके तेच हवे असतात.

या संभाषणातील ठरीव मागण्यांच्या खिडकीला एपीआय म्हणतात. तहसील कार्यालयात कोणत्या खिडकीवर कोणता अर्ज द्यावयाचा, त्यात कोणते रकाने भरावयाचे आणि बदल्यात कोणता कागद मिळावयाचा हे जसे ठरलेले असते, तसेच हे. पडद्यावरचे रंगीत पान ही केवळ दर्शनी भिंत आहे. खरा व्यवहार खिडकीवर होतो.

ब्राउझरला ही सर्व देवघेव नोंदवून ठेवता येते. त्या नोंदीच्या फाईलला एचएआर, म्हणजेच बोलीत ‘हार’ फाईल म्हणतात. फायरफॉक्स ब्राउझरसाठी असलेल्या फायरबग या साधनाचे विकासक यान ओड्वार्को यांच्या पुढाकाराने २००९ च्या सुमारास हा नमुना पुढे आला. जागतिक जाळ्याचे मानदंड ठरविणाऱ्या संस्थेत त्याचा मसुदाही तयार झाला होता. परंतु तो मंजूर न होता सोडून देण्यात आला. असे असूनही आज प्रमुख ब्राउझर याच नमुन्यात नोंद लिहितात. कागदोपत्री मान्यता नसताना केवळ उपयुक्ततेच्या बळावर रूढ झालेल्या प्रथा शासनव्यवहारात अपरिचित नाहीत. ही त्यांपैकीच एक म्हणावी.

ही फाईल म्हणजे कार्यालयातील आवक-जावक नोंदवहीच. प्रत्येक मागणी केव्हा निघाली, कोणत्या पत्त्यावर गेली, तिच्यासोबत कोणता मजकूर होता, उत्तर कोणत्या शेऱ्यासह आले, हे सर्व तीत क्रमवार असते. याशिवाय एक गोष्ट अशी, जी कार्यालयाच्या नोंदवहीत सहसा सापडत नाही. प्रत्येक मागणीस लागलेला वेळ तीत टप्प्याटप्प्याने, सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत लिहिलेला असतो. पत्ता शोधण्यास किती, जोडणी होण्यास किती, मागणी पाठविण्यास किती, उत्तराची वाट पाहण्यात किती आणि उत्तर उतरवून घेण्यास किती.

या शेवटच्या नोंदीचे महत्त्व विशेष आहे. समजा, एका अर्जास तीस सेकंद लागले. त्यांतील अठ्ठावीस सेकंद उत्तराची वाट पाहण्यात गेले असतील तर दोष बहुधा सर्व्हरकडे आहे. लालबर्ऱ्यातील तार बदलून काहीच होणार नाही. उलट बहुतांश वेळ जोडणी होण्यातच गेला असेल तर स्थानिक जोडणी तपासावी लागेल, आणि राजधानीला लिहिलेली दहा पत्रे व्यर्थ जातील. दुरुस्ती कोणी करावयाची हा प्रश्न, ज्यावर एरवी महिनेच्या महिने पत्रव्यवहार चालतो, तो एका ओळीवरून बराचसा सुटतो.

नोंद करण्याची कृती अवघड नाही. संगणकावर क्रोम किंवा एज ब्राउझरमध्ये एफ-बारा ही कळ दाबली की विकासकांसाठीची चौकट उघडते. तीतील ‘नेटवर्क’ हा भाग निवडावा आणि पान बदलले तरी आधीची नोंद टिकून राहावी यासाठी ‘प्रिझर्व्ह लॉग’ या चौकोनात खूण करावी. त्यानंतर जे काम अडते ते पहिल्यापासून पुन्हा करावे आणि शेवटी फाईल उतरवून घ्यावी. चौकट आधी उघडली पाहिजे, हे ध्यानात ठेवावे. बिघाड होऊन गेल्यावर ती उघडली तर मागची देवघेव नोंदलेली नसते. पाऊस थांबल्यावर पर्जन्यमापक मांडण्यासारखेच ते होईल.

भरलेल्या अर्जातून कोरा नमुना

नोंद मिळाली म्हणजे काम संपले असे नव्हे. ती एका शेतकऱ्याच्या एका प्रयत्नाची हकीगत असते. तंत्रज्ञाला हवा असतो तोच प्रयत्न वारंवार, वेगवेगळ्या माहितीनिशी करून पाहण्याचा मार्ग. यासाठी नोंदीचे रूपांतर मागण्यांच्या तयार संग्रहात करतात. अशा संग्रहासाठी पोस्टमन हे साधन सर्वत्र परिचित आहे. अभिनव अस्थाना यांनी २०१२ साली ते प्रथम क्रोम ब्राउझरचे एक पूरक साधन म्हणून तयार केले; पुढे २०१४ मध्ये अंकित सोबती आणि अभिजित काणे यांच्यासमवेत बंगळूर येथे त्याची कंपनी स्थापन झाली. मागणी नेऊन द्यावी व उत्तर आणावे हे या साधनाचे काम पाहता नाव यथार्थ आहे, जरी खेड्यातल्या पोस्टमनप्रमाणे ते कोणाच्या घरची खुशाली विचारीत नाही. इन्सोम्निया यासारखी अन्य साधनेही आहेत, आणि एकाच वेळी हजारो मागण्यांचा भार टाकून पाहणाऱ्या के-सिक्स या साधनासाठीही हार फाईलचे रूपांतर करता येते.

रूपांतराचे मर्म असे की, भरलेल्या अर्जावरून कोरा नमुना तयार करावयाचा. यंत्र ही नक्कल क्षणार्धात करते. परंतु ती जशीच्या तशी चालविली तर बहुधा पहिल्याच मागणीला ४०१ हा शेरा येतो. कारण उघड आहे. प्रवेश करताना सर्व्हर ब्राउझरला एक तात्पुरता परवाना देतो. त्याला टोकन म्हणतात. नोंदीत कालचे टोकन असते आणि आज ते शिळे झालेले असते. म्हणून संग्रह तयार करणाऱ्याने त्या जागी प्रत्यक्ष टोकन न ठेवता केवळ नाव ठेवावयाचे, आणि पहिल्या मागणीच्या उत्तरातून येणारे ताजे टोकन पुढच्या मागणीत आपोआप भरले जाईल अशी साखळी जोडावयाची. पोस्टमनमध्ये अशी बदलती नावे दुहेरी महिरपी कंसांत लिहितात. संकेतस्थळाचा पत्ता, गावाचा सांकेतिक क्रमांक, हंगाम, अर्जक्रमांक हे सर्व अशाच रीतीने कोऱ्या जागांत रूपांतरित करावे लागते.

त्याआधी निवडही करावी लागते. एक पान उघडताना ब्राउझर चित्रे, अक्षरवळणे, सजावटीच्या फाईली आणि भेटी मोजणाऱ्या परक्या संस्थांकडील मागण्या अशा कितीतरी गोष्टी मागवितो. त्या सर्व नोंदीत येतात. तपासणीसाठी ज्या मागण्यांतून प्रत्यक्ष माहितीची देवघेव झाली तेवढ्याच ठेवावयाच्या असतात. धान पाखडून कोंडा वेगळा करण्याचेच हे काम आहे.

यापुढील टप्पा सर्वांत अधिक विचाराचा आणि दुर्दैवाने सर्वांत अधिक दुर्लक्षिला जाणारा. नोंद काय घडले ते सांगते. काय घडावयास हवे होते ते सांगत नाही. एखाद्याने नोंदीतील उत्तरालाच बरोबर उत्तर मानून संग्रह तयार केला, तर नोंदीत जी चूक असेल तीच यापुढे प्रमाण ठरेल. काही सर्व्हर माथ्यावर २०० असा शेरा देतात आणि आतल्या मजकुरात ‘नोंद सापडली नाही’ असे लिहितात. केवळ शेरा पाहणारी तपासणी अशा वेळी सर्व काही ठीक असल्याचा निर्वाळा देईल. म्हणून प्रत्येक मागणीखाली कसोट्या लिहाव्या लागतात: उत्तर अमुक सेकंदांत आले पाहिजे, त्यात शेतकऱ्याच्या जमिनीचे क्षेत्र असलेच पाहिजे, क्षेत्र शून्य असता कामा नये, चुकीचा क्रमांक दिला तर नकार स्पष्ट शब्दांत मिळाला पाहिजे. या कसोट्या संगणकतज्ज्ञाला एकट्याने सुचणार नाहीत. त्या पटवाऱ्याला, सहकारी समितीच्या लिपिकाला आणि केंद्रचालकाला ठाऊक असतात.

गावाच्या नावाचेच उदाहरण घ्यावे. ‘लालबर्रा’ हा शब्द वाचकाला चार अक्षरांचा दिसतो. संगणकाच्या दृष्टीने त्यात काना आणि हलन्त धरून आठ चिन्हे आहेत. युनिकोडच्या प्रचलित मांडणीत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण चोवीस. हाच शब्द संकेतस्थळाच्या पत्त्यात गेला की प्रत्येक बाइटसाठी तीन खुणा याप्रमाणे बहात्तर खुणांची ओळ तयार होते, आणि हार फाईलच्या त्या ओळीत गावाचे नाव डोळ्यांना ओळखूही येत नाही. बालाघाटसारख्या सीमावर्ती जिल्ह्यात अडचण याहून सूक्ष्म आहे. हिंदीतील ‘गाँव’, ‘गांव’ आणि मराठीतील ‘गाव’ ही संगणकाला तीन भिन्न नावे होत. नुक्त्याचा ‘ड़’ तर दोन प्रकारे साठविता येतो, एकसंध एका चिन्हाने किंवा ‘ड’ आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनी. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. एका खात्याने एक प्रकार वापरला, दुसऱ्याने दुसरा, आणि मध्ये दोन्ही एकरूप करण्याची व्यवस्था नसली, तर शेतकऱ्याचे गाव ‘उपलब्ध नाही’ असे उत्तर येऊ शकते. महानगरात बसून तयार केलेल्या तपासणीत ही कसोटी सहसा नसते. लालबर्ऱ्याहून गेलेल्या नोंदीत ती आपोआप येते.

कोविन यंत्रणेचा अनुभव

भार आणि एपीआय यांचा संबंध देशाने २०२१ साली प्रत्यक्ष पाहिला. कोविड लसीकरणासाठी १८ ते ४४ या वयोगटाची नोंदणी २८ एप्रिल २०२१ रोजी सायंकाळी चार वाजता खुली झाली. सुरुवातीस काही काळ अडथळे आले. परंतु त्याच दिवशी एक कोटीहून अधिक नागरिकांची नोंदणी झाली. त्या दिवसांत अनेक तरुण प्रोग्रामरांनी कोविनच्या खिडक्यांकडे स्वतःच मागण्या पाठवून लसीची रिकामी जागा कळविणारी साधने तयार केली. शासनाच्या एपीआय सेतू या व्यासपीठावर कोविनच्या सार्वजनिक खिडक्यांचे वर्णन प्रसिद्ध झालेले होते. पुढे त्यावर मर्यादाही घालण्यात आल्या: एका ठिकाणाहून पाच मिनिटांत शंभरच मागण्या, आणि उपलब्ध जागांची माहिती अर्ध्या तासापर्यंत जुनी असू शकेल.

या मर्यादांवर त्या वेळी नाराजी व्यक्त झाली. नाराजी समजण्यासारखी होती. परंतु ज्याच्याकडे संगणक नाही, प्रोग्राम लिहिणारा भाचा नाही, अशा नागरिकाच्या बाजूने पाहिले तर मर्यादा अनाठायी म्हणता येत नाही. खिडकी एकच असेल आणि काहींनी यंत्राचे हात लावून अर्ज सरकविले, तर रांगेतल्या माणसाची पाळी येतच नाही.

नोंदीतील जोखीम

हार फाईल जितकी उपयुक्त तितकीच धोक्याची आहे, ही बाब अनेक सुशिक्षितांनाही माहीत नसते. नोंदवहीत सर्व काही उतरते असे वर म्हटले आहे. ‘सर्व काही’ यात बारा आकडी आधार क्रमांक, मोबाईल क्रमांक, बँक खाते आणि चालू टोकनही येते. टोकन शिळे होण्यापूर्वी फाईल भलत्याच्या हाती लागली तर पासवर्ड किंवा ओटीपी ठाऊक नसतानाही तो त्या व्यक्तीच्या नावाने आत शिरू शकतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये ओक्टा या अमेरिकन कंपनीच्या बाबतीत हेच घडले. ग्राहकांनी अडचणी सोडविण्यासाठी पाठविलेल्या फाईली मदत विभागाच्या यंत्रणेतून चोरीस गेल्या. १३४ ग्राहकांशी संबंधित फाईलींपर्यंत चोर पोहोचला होता. त्यांपैकी काही हार फाईलींतील टोकनांच्या आधारे त्याने पाच ग्राहकांच्या चालू प्रवेशांचा ताबा घेतला. ओळख पटविण्याच्या सेवा पुरविणे हाच या कंपनीचा व्यवसाय होता.

यानंतर साधनांत सुधारणा झाली. क्रोम ब्राउझर आता फाईल उतरविताना कुकी आणि प्रवेशपरवान्याचे मथळे आपोआप वगळतो. तथापि अर्जाच्या मजकुरातील आधार क्रमांक किंवा पत्त्याच्या ओळीतील मोबाईल क्रमांक तो वगळीत नाही. ते हाताने शोधून खोडावे लागतात. फाईल साध्या मजकुराची असल्याने नोटपॅडमध्येही उघडता येते. बारा आकडी आधार, आठ आकडी समग्र कुटुंब क्रमांक, नऊ आकडी सदस्य क्रमांक आणि खातेदाराचे नाव यांचा शोध घेऊन त्या जागी सरळ शून्ये किंवा काल्पनिक नाव घालावे. सर्वांत उत्तम मार्ग म्हणजे खऱ्या शेतकऱ्याच्या अर्जाऐवजी खात्याने दिलेल्या चाचणी खात्यावर नोंद करणे.

दुसरा धोका संग्रह चालविण्यात आहे. माहिती केवळ मागणारी मागणी शंभर वेळा पाठविली तर सर्व्हरवर भार पडतो, एवढेच. परंतु अर्ज दाखल करणारी मागणी शंभर वेळा पाठविली तर शंभर अर्ज दाखल होऊ शकतात, आणि विक्रीचा दिवस रद्द करणारी मागणी एकदाच चुकून गेली तरी शेतकऱ्याची पाळी जाते. म्हणून चालू संकेतस्थळावर असा संग्रह कधीही चालवू नये. तो संबंधित खात्याच्या लेखी अनुमतीने, चाचणीसाठी ठेवलेल्या वेगळ्या प्रतीवरच चालविला पाहिजे. विनापरवानगी एखाद्या संगणक यंत्रणेत प्रवेश करणे किंवा तिच्या कामात व्यत्यय आणणे हे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ खाली येते. संगणक शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना शिक्षकांनी ही गोष्ट पहिल्याच तासाला सांगावी. सरावासाठी शाळेच्याच संगणकावर एक छोटा सर्व्हर चालविता येतो. कॅप्चा आणि ओटीपी ही बंधने चुकविण्याचा प्रयत्नही करू नये. चाचणीच्या प्रतीत ती शिथिल ठेवण्याची सोय खात्यालाच करता येते.

केंद्र, तहसील आणि तांत्रिक कक्ष

मध्यप्रदेशाने २०१० साली लोकसेवा हमीचा कायदा केला. ठरावीक सेवा ठरावीक दिवसांत न दिल्यास पदाभिहित अधिकाऱ्यास दररोज २५० रुपये, कमाल ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. विलंब माणसामुळे झाला की यंत्रामुळे, हा प्रश्न त्यामुळे केवळ तांत्रिक राहत नाही. वेळेसह केलेली नोंद प्रामाणिक अधिकाऱ्याच्या उपयोगी पडेल आणि यंत्राच्या आड लपणाऱ्याच्या विरोधातही जाईल.

केंद्रचालकाला संग्रह तयार करण्याची आवश्यकता नाही. ते तांत्रिक कक्षाचे काम आहे. त्याने तक्रारीसोबत चार गोष्टी द्याव्यात: दिवस आणि वेळ, कोणते काम करताना अडचण आली, पडद्यावर काय दिसले, आणि खाजगी माहिती खोडलेली फाईल. फाईल व्हॉट्सॲपच्या गटावर टाकू नये. ती खात्याने ठरविलेल्या अधिकृत मार्गानेच, नाव असलेल्या अधिकाऱ्याकडे जावी. पाठविण्यापूर्वी संकेतस्थळातून रीतसर बाहेर पडावे, म्हणजे टोकन चुकून राहिले असले तरी बहुधा निरुपयोगी होते. तक्रार निकाली निघाल्यावर फाईल पेन ड्राईव्हवरून, ‘डाऊनलोड’ कप्प्यातून आणि रिसायकल बिनमधूनही काढून टाकावी. केंद्रातील संगणकावर दिवसभर अनेकांचे हात फिरतात, आणि ही फाईल बहुधा त्याच कप्प्यात विसरली जाते.